‘वोसिरामि’ तिनंच म्हणायला हवं



दिवाळीनंतर आमच्या घरी एक बैठक झाली. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये डेटा सायन्सचं एम.एस. करते, चारपैकी दोन सेमिस्टर झालेत. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे, एच-१बी व्हिसावर. दोन्हीकडची मोठी माणसं पुणतांब्याला आमच्याकडे जमली होती. हॉल ठरला, जेवणात जमीकंद नको, सूर्यास्ताआधी पंगती उठवायच्या, सगळं अगदी एकमतानं ठरत होतं. चहा झाल्यावर मुलाची आई सहज म्हणाली, “लग्न झालं की तिला लगेच डिपेंडंटवर घेऊन टाकू. उगाच दोन सेमिस्टरची फी कशाला भरायची? शिक्षण काय, नंतरही होतं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. वर म्हणाले, “बरोबर आहे, नवरा-बायको एका घरात राहिलेली बरी.”

रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिच्या आईनं तिला सगळं सांगितलं होतं. रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच विचारलं, “मामी, तुम्हीसुद्धा हो म्हणालात? एच-४ म्हणजे काय ते तरी विचारलंत का कुणाला?”

नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांच्या डोक्यात व्हिसा म्हणजे रेशनकार्ड होतं. लग्न झालं की माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि सासरच्या कार्डावर चढवायचं. नाव इथून तिथं गेलं, माणूस तेच. गहू-तांदूळ मिळायचे ते मिळतातच. व्हिसाचंही तसंच असेल, एफ-१ जाऊन एच-४ येईल, एवढंच.

त्यानंतरचे आठ दिवस मी दुपारची झोप सोडून माझ्या मुलाला शेजारी बसवलं आणि अमेरिकन सरकारचेच नियम त्याच्याकडून समजून घेतले. जे समजलं ते आज लिहितेय, कारण आपल्या समाजात आता घरोघरी मुली बाहेर शिकायला जातात, आणि ही बैठक उद्या तुमच्याकडेही व्हायची आहे.

पहिली गोष्ट, जी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती: लग्न झालं म्हणून विद्यार्थी व्हिसा संपत नाही. नवरा एच-१बी वर आणि बायको एफ-१ वर, असं नवरा-बायको म्हणून राहायला कायद्याची काहीच आडकाठी नाही. लग्नासाठी भारतात आली तरी व्हिसाचा शिक्का मुदतीत असेल आणि कॉलेजची कागदपत्रं नीट असतील तर ती विद्यार्थी म्हणूनच परत जाऊ शकते. म्हणजे ‘घेऊनच टाकू’ अशी कुठलीही सक्ती नव्हती. सक्ती होती ती फक्त आमच्या बैठकीत.

दुसरी गोष्ट, एफ-१ सोडताना मुलगी नेमकं काय सोडते. शिकत असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, ते जातं. पदवीनंतर आपल्या विषयात बारा महिने नोकरी करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित अशा विषयांना त्यावर आणखी चोवीस महिने. भाचीच्या हिशेबानं पूर्ण तीन वर्षं. आणि ही तीन वर्षं नुसत्या पगाराची नसतात. दरवर्षी मार्चमध्ये एच-१बी साठी नोंदणी होते. वर्षाला एकूण ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथल्या मास्टर्स झालेल्यांसाठी राखीव. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून निवड काढावी लागते. ओपीटीवर असलेल्या मुलीला नोकरी करता करता दोन-तीनदा त्यात नाव घालायची संधी मिळते. दोन सेमिस्टरची फी वाचवायला निघालेल्या आम्ही या तीन वर्षांवर पाणी सोडत होतो.

तिसरी गोष्ट, एच-४ वर काय मिळतं. शिकता येतं, हे खरं आहे. विहीणबाई म्हणाल्या ते त्या अर्थानं चुकीचं नव्हतं. पण एच-४ वर पदवी घेतली तर तिच्या मागून ओपीटी येत नाही. ती हवी असेल तर पुन्हा कॉलेजचं नवं पत्र, पुन्हा अर्ज, पुन्हा महिनोनमहिने वाट बघून एफ-१ वर जावं लागतं. आणि नोकरी? एच-४ वर कमवता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही जणींना कामाचं परमिट मिळू लागलं, पण कुणाला? ज्यांच्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत आय-१४० हा टप्पा मंजूर झालाय, किंवा त्या प्रक्रियेमुळे ज्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळालाय, त्यांनाच. आमच्या होणाऱ्या जावयाच्या कंपनीनं ती प्रक्रिया सुरूच केलेली नाही. म्हणजे आमची मुलगी एच-४ वर गेली असती तर परमिटची वाट बघायची म्हणजे आधी नवऱ्याच्या कंपनीच्या मर्जीची वाट बघायची.

ते परमिटसुद्धा किती डळमळीत आहे बघा. ते रद्द व्हावं म्हणून तिथल्या काही कामगारांच्या संघटनेनं दहा वर्षं कोर्टात भांडण चालवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकायला नकार दिला आणि परमिट टिकलं. बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्याच महिन्यात दुसरा नियम आला. नूतनीकरणाचा अर्ज दिला की जुनं परमिट काही काळ आपोआप चालू राहायचं, ती सवलत ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बंद झाली. नवं परमिट हातात यायला उशीर झाला तर चालू नोकरीतून घरी बसायचं.

आणि शेवटची गोष्ट, जी वाचून मी खरंच गप्प झाले. एफ-१ मुलीच्या स्वतःच्या नावावर असतो, तिच्या मार्कांवर, तिच्या हजेरीवर. एच-४ नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला असतो. त्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत, आणि ती घड्याळाची टिकटिक दोघांसाठी एकदमच सुरू होते. घटस्फोट झाला तर एच-४ चा आधारच संपतो. लग्नाआधी हे बोलायचं नाही, अशुभ असतं, असं माझी सासू म्हणाली असती. पण नवी गाडी घेतल्यावर आपण तिला हार घालतो आणि विमाही उतरवतोच ना?

आता दुसरी बाजूही नीट मांडते. अनेकांतवाद आपण नुसता व्याख्यानात ऐकायचा नसतो.

एच-४ वाईट नाही. ओपीटी संपली, एच-१बी च्या निवडीत तीनदा नाव आलं नाही, अशा मुलीला एच-४ मुळेच घर मोडून परतावं लागत नाही. बाळ लहान आहे, तब्येत साथ देत नाही, दोन-तीन वर्षं थांबायचंय असं तिनंच ठरवलं, तर एच-४ हा चांगला विसावा आहे. एच-४ वरचा काळ पुढे तिच्या स्वतःच्या एच-१बी च्या सहा वर्षांत मोजलाही जात नाही. नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल तर एच-४ चं परमिट एका अर्थानं मोकळंच असतं, कुठल्याही कंपनीत काम करा, स्वतःचा धंदा करा. उलट एफ-१ वर राहण्यातही अडचण आहे. विद्यार्थी व्हिसा मागताना ‘शिकून परत जाणार’ असं पटवून द्यावं लागतं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड पुढे सरकलं की त्या खिडकीवर प्रश्न वाढतात. आणि टेक्सास ते न्यू जर्सी हे अंतर? नवं लग्न आणि मध्ये साडेतीन-चार तासांचं विमान. विहीणबाईंची काळजी मला कळते. त्यांनाही सून आणि मुलगा एका ताटात जेवताना बघायचेत.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं एच-४ विरुद्ध नाहीच. ते ‘घेऊन टाकू’ या दोन शब्दांविरुद्ध आहे.

आपण पच्चक्खाण कसं घेतो ते आठवा. स्थानकात सकाळी महासतीजींसमोर हात जोडून उभं राहतो. पाठ त्या म्हणतात. पण शेवटी ‘वोसिरामि’, म्हणजे ‘मी सोडते’, हे घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं. माझ्याऐवजी माझी जाऊ म्हणाली तर उपवास मला लागत नाही. दुसरं, पच्चक्खाणाला मुदत असते. नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं, पोरसी दिवसाच्या पहिल्या प्रहरापर्यंत, उपवास दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत. कधी सुटणार हे घेतानाच ठाऊक असतं, म्हणून तर पारणं असतं. आणि तिसरं, पच्चक्खाणाला आगार असतात. विसरून काही तोंडात गेलं, अचानक पावसाचा थेंब ओठावर पडला, तर पच्चक्खाण मोडत नाही. इतक्या काटेकोर धर्मानंसुद्धा त्यागात सवलतीच्या जागा आधीच मोजून ठेवल्या. कारण मोजलेला त्यागच टिकतो.

आता आमची बैठक या तीन कसोट्यांवर लावा. ‘मी सोडते’ असं तिनं म्हटलं होतं? ती तर तिथं नव्हतीच. मुदत ठरली होती? ‘नंतर होतं शिक्षण’, पण नंतर म्हणजे कधी, कुणीच बोललं नाही. आगार? एकही नाही. मुलीनं न घेतलेलं, मुदत नसलेलं, आगार नसलेलं हे कसलं पच्चक्खाण? ही तर अंतराय. कुणाच्या ज्ञानाच्या वाटेत अडथळा आणला तर ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं, हे आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. आणि पाप नुसतं करण्यानं लागत नाही, करवून घेण्यानं आणि अनुमोदन देण्यानंही लागतं. मी काहीच केलं नव्हतं. मी फक्त मान हलवली होती. तेच अनुमोदन.

आपल्या नगर जिल्ह्यात बाईच्या शिक्षणाची ही किंमत कुणी नव्यानं सांगायला नको. आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांच्या प्रेरणेनं पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड उभं राहिलं. माझी सासू चौथी शिकलेली, पण चुलीपुढे बसून थोकडे पाठ करायची आणि त्या परीक्षांना बसायची. तिचं प्रमाणपत्र अजून आमच्या देवघराबाहेर फ्रेममध्ये आहे. परीक्षेच्या दिवशी सासरे दुकान बंद ठेवून स्वयंपाक करायचे म्हणे. त्यांनी ‘पुढच्या वर्षी दे’ म्हटलं असतं तर ती फ्रेम तिथं नसती.

त्याहूनही जुनी गोष्ट आनंदीबाई जोशींची. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या. व्हिसा वगैरे तेव्हा नव्हताच, होता तो समाजाचा नकार. गोपाळराव पोस्टातली नोकरी करत इथंच राहिले आणि मागाहून तिकडे गेले. बायको शिकायला पुढे, नवरा पाठीमागून. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. गोपाळराव काही सोपे नव्हते, त्यांच्या कठोरपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. तरी एवढं त्यांनी केलं की तिचं शिक्षण ‘नंतर’वर टाकलं नाही. टाकलं असतं तर त्या बाईच्या आयुष्यात ‘नंतर’ उरलंच नव्हतं. एकशे चाळीस वर्षांनी आपण त्याच्याही मागे जायचं का?

आमच्या गावाला थांबणं काय असतं ते चांगलं माहीत आहे. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची सुरुवात पुणतांब्यातून झाली. दूध, भाजी गावाबाहेर जाणार नाही असं इथल्या माणसांनी ठरवलं. आम्ही दुकानदार, संपात नव्हतो, पण समोर सगळं बघितलं. नुकसान त्यांचंच होत होतं. तरी मान ताठ होती, कारण थांबायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं, मागण्या सांगून. तेच दूध कुणी जबरदस्तीनं अडवलं असतं तर? नुकसान तेवढंच, पण त्याला संप म्हणत नाहीत.

म्हणून ज्या घरी ही बैठक होणार आहे त्यांना माझं सांगणं आहे. बोलणी सुरू व्हायच्या आधी मुलीला फोनवर घ्या, स्पीकर चालू ठेवा. कर्जाचा आकडा दोन्ही बाजूंनी मोठ्यानं बोला. आमच्या नणंदेनं राहतं घर तारण ठेवून पस्तीस लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय. मुलगी कमवेल आणि फेडेल, या भरवशावर. हप्त्यांची सवलत शिक्षण आणि त्यापुढचा ठरलेला काळ एवढीच असते. शिक्षण मध्येच सोडलं तर हप्ता दारात लवकर येतो, आणि एच-४ वरची मुलगी एक डॉलर कमवू शकत नाही. मग तो हप्ता कोण भरणार? फी वाचवू म्हणणाऱ्यांनी याचंही उत्तर त्याच बैठकीत द्यावं.

मुलाला विचारा, ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू आहे का, आय-१४० मंजूर आहे का. यात लाजायचं काही नाही. आपण पत्रिका बघतो, गोत्र विचारतो, पगार विचारतो, मग हे का नको? एच-४ घ्यायचाच असेल तर तो पदवीनंतर की आधी, ओपीटीनंतर की आधी, किती वर्षांसाठी, आणि ती वर्षं झाल्यावर परत शिकायला किंवा नोकरीला निघाली तर फी कोण देणार, घर कोण बघणार, हे ठरवून ठेवा. तिच्या एकटीच्या नावावर खातं असू द्या आणि त्यात दरमहा काही रक्कम जाऊ द्या. हेच आगार.

एक व्यवहाराची गोष्ट. तिथं राहूनच स्टेटस बदलायचा अर्ज, म्हणजे आय-५३९ भरला, आणि निकाल यायच्या आत मुलगी भारतात आली, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. लग्नाच्या गडबडीत हे होऊ शकतं. शिवाय आत राहून स्टेटस बदललं तरी पासपोर्टवर शिक्का मिळत नाही. पुढच्या वेळी भारतात आलं की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत उरतेच. तेव्हा तारखा आधी जुळवा, आणि शेवटी तिच्या कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आणि तिथल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाका. मी वकील नाही, मामी आहे.

आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते. दुसरी बैठक झाली, यावेळी भाची व्हिडिओवर होती आणि मुलगाही. मुलाचे वडील थोडे नाराज झाले, “आमच्या वेळी असं नव्हतं” म्हणाले. विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं तिला कष्ट नकोत. कमवायचीच बंदी असेल हे मला कुठं माहीत?” त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा म्हणाला, “ती पदवी पूर्ण करू दे. मी महिन्यातून दोनदा जाईन.” आता तूर्त असं ठरलंय की पदवी आणि ओपीटीचं पहिलं वर्ष एफ-१ वरच, आणि त्यानंतर काय करायचं ते भाची सांगेल. निवडीत नाव लागेल की नाही, नियम आणखी किती बदलतील, यातलं काहीच आमच्या हातात नाही. कदाचित दोन वर्षांनी ती स्वतःच एच-४ घेईल. घेतला तर मी पेढे वाटीन, कारण तो तिनं घेतलेला असेल.

एक मात्र माझ्याकडून राहिलंय. संवत्सरीला आपण सगळ्या गावाला खमावतो, पण जिचं आयुष्य मी नुसत्या मान हलवण्यानं ठरवायला निघाले होते तिला वर्षभर थांबवून कशाला ठेवू?

बेटा, मिच्छामि दुक्कडम्.